दहा बोटांची गोष्ट

माझे वडील एक गोष्ट सांगायचे. खताच्या दुकानाच्या पायरीवर सांगायचे, वाटूर फाट्यावर बसची वाट बघताना सांगायचे, एकदा तर मावशीच्या सासरी पंगतीत बसूनही सांगितली. गोष्ट अशी की, कपाशीवर फवारा मारताना त्यांना विषबाधा झाली, तेव्हा त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं त्यांच्या दहा बोटांची टोकं टोचली, दहा थेंब काळं रक्त काढलं आणि त्या दहा थेंबांतून सगळं इख, म्हणजे विष, बाहेर आलं. शेवटी ते दोन्ही पंजे उघडून समोर धरायचे. ऐकणारे आधी त्या बोटांकडे बघायचे, मग माझ्याकडे.

ही गोष्ट खरी नव्हती. टोचणं खरं होतं, रक्तही खरं होतं. पण त्या रक्तातून काहीही बाहेर आलं नव्हतं, आणि मी टोचत बसले त्या वेळात बाबा मरणाच्या जवळ जाऊन पोचले होते. हे मला माहीत होतं आणि मी वर्षभर गप्प राहिले. ही गोष्ट ऐकून एखादा माणूस दवाखान्याचा रस्ता सोडून आमच्या दारात येईल, अशी भीती मला सारखी वाटायची. भीती वाटायची, तरी बोलले नाही.

आमचं गाव वाटूर फाट्यापासून आत आहे. थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण बाबांची ओळख फवारणीवाला अशी. पाठीवर पंप घेऊन ते दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जायचे. त्यांचा हात सारखा फिरतो, एक झाड सुटत नाही, म्हणून पाच गावांतून निरोप यायचे. पंपाचं झाकण गळायचं. दोन्ही खांद्यांच्या मध्ये त्यांच्या पाठीवर हाताच्या पंजाएवढा काळपट, जाड झालेला डाग होता. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी तळव्यांची आग व्हायची आणि पायांत मुंग्या यायच्या. बाबांना ते आजार वाटायचंच नाही. लोहाराचे हात भाजतात, आपले तळवे जळतात, एवढंच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. जालन्यात बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा थोरले काका म्हणाले होते, "शिकून काय करणारे? शेवटी भाकरीच थापायची नं?" बाबा काही बोलले नव्हते. फक्त माझी ट्रंक त्यांनी स्वतः डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आणली होती.

अॅक्युपंक्चरकडे मी आईमुळे गेले. तिच्या कमरेचं दुखणं काही केल्या जात नव्हतं, तेव्हा कोणीतरी जुन्या जालन्यातल्या एका बाईंचा पत्ता सांगितला. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि मग रीतसर अॅक्युपंक्चर शिकल्या होत्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. कापडाच्या दुकानामागची एक खोली, दोन पलंग, मध्ये हिरवा पडदा, वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा. आईची नाडी धरून त्यांनी विचारायला सुरुवात केली. झोप लागते का, पाणी किती पिता, पाय गार पडतात का, घरात शेवटी कोण जेवतं. आईला आजवर कोणी एवढे प्रश्न विचारले नव्हते. ती आधी लाजली, मग बोलत सुटली. मला सुयांपेक्षा ते विचारणंच आवडलं. पुढच्या वर्षी मी अॅक्युपंक्चरच्या डिप्लोमाला नाव घातलं आणि दुपारी कॉलेज सुटलं की सिस्टरच्या खोलीत जाऊ लागले.

गावी सांगितलं तर बाबा हसले. "सुया टोचायचं बी कॉलेज असतंय?"

आई म्हणाली, "गोंदणाऱ्या बाया बी टोचत्यात. त्येंला कुठं लागतंय कॉलेज?"

"त्या हिरवं आत घालत्यात," बाबा म्हणाले. "ही बाहेर काढीन काहीतरी."

काय बाहेर काढतात, ते मला त्याच वर्षी शिकायला मिळालं. एका बाईच्या पायावर जुनी, पुन्हा पुन्हा पिकणारी गळवं होती. त्या दिवशी सिस्टरनी विष हा विषय काढला. त्या घरी उर्दू बोलत, त्यामुळे त्यांची मराठी आमच्याहून निराळी, पण कानाला गोड लागायची.

"पूर्वेकडच्या या शास्त्रात विष म्हणजे फक्त बाटलीतलं न्हाई, बेटा," त्या म्हणाल्या. "साठून सडलेली उष्णता बी विष. सांध्यात बसून राह्यलेली ओल बी विष. शरीराला जे पचवता येत न्हाई आन् टाकता बी येत न्हाई, ते सगळं. बराबर?"

मी मान हलवली.

"पाव्हणे दारात आले तर तू घरातला पसारा काय करती?"

"पलंगाखाली ढकलते."

"हां. शरीर बी तेच करतं. बाहेर टाकायची ताकद नसली की लपवून ठेवतं. चामडीखाली, सांध्यात, कुठं बी. घर वरून साफ दिसतं."

मग त्यांनी दारांबद्दल सांगितलं. घाम, लघवी, शौच, श्वास ही चार दारं. जुनं विष सुईनं हलवायच्या आधी दारं उघडी आहेत का ते बघायचं. बंद असतील तर आधी ती उघडायची, नाहीतर हललेलं विष घरातच फिरत राहतं. उष्णतेचं विष फार चढलं तर पाचवं दार आपण करायचं, बोटाच्या टोकाला किंवा गुडघ्यामागच्या शिरेवर टोचून रक्ताचे थोडे थेंब. मी वहीत चौकोनी घर काढलं आणि त्याला चार दारं काढली. खाली लिहिलं, ‘दारं उघडी असतील तर रोगी सुटतो.’ हे वाक्य त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच लिहिलं होतं, आणि फार शहाणं वाक्य लिहिलं असं मला वाटलं होतं.

त्या दिवसापासून बाबांची पाठ माझ्या डोळ्यांसमोर यायला लागली. त्यांच्या पलंगाखालचा सगळा पसारा मीच बाहेर काढीन असं मनाशी ठरवलं. शिकणाऱ्यांपैकी कोणी एकट्यानं टोचायचं नाही, असा खोलीतला नियम होता. तरी बंद पाकिटातल्या बारा लॅन्सेट, म्हणजे टोचायच्या बारीक टोकदार सुया, मी विकत घेतल्या आणि कंपासपेटीत ठेवल्या. कधी टोचायचं ते काही ठरवलं नव्हतं. पेटी पिशवीत आहे, एवढ्यानंच बरं वाटायचं.

तो रविवार होता. मी सुट्टीला घरी आले होते. पाऊस उघडून ऊन कडक पडलं होतं. बाबा सकाळी कपाशीवर फवारायला गेले होते. दोन औषधं एकत्र करून मारायची होती आणि शेतमालकाला घाई होती. दुपारी तीनच्या सुमारास ते परत आले, ठरल्या वेळेच्या खूप आधी. पंप अंगणात नीट न ठेवता तसाच टाकला, तेव्हाच आईनं वर पाहिलं. बाबा कधी पंप टाकत नाहीत.

"गरगरून राह्यलं," ते म्हणाले आणि ओट्यावर बसले.

त्यांना दरदरून घाम आला होता. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. तेवढ्यात उलटी झाली. पोटात कळ आली म्हणून आईनं धरून त्यांना मागं नेलं, जुलाब झाला. परत आणून बाजेवर निजवलं. आई घाबरून म्हणाली, "अगं, काय होऊन राह्यलं ह्यांना? दवाखान्यात न्यायचं का?"

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मला लिहिलंच पाहिजे. मला आनंद झाला. घाबरले होते, पण भीतीच्या खाली आनंद होता. घाम येतोय, उलटी होतेय, पोट साफ होतंय. दारं उघडी आहेत. शरीर विष बाहेर टाकतंय. वहीतलं घर समोर बाजेवर पडलेलं मला दिसत होतं. मी म्हणाले, "आई, थांब. इख बाहेर चाललंय. येऊ दे घाम. बाबा, घाम येऊ द्या."

बाबांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मी कंपासपेटी आणली. हात धुतले, बोटं स्पिरिटनं पुसली. ते सगळं मी अगदी नीट केलं. एकेक बोट धरून टोचलं, एकेक थेंब दाबून काढला आणि कापसानं टिपला. रक्त गडद होतं. पुस्तकात असंच गडद रक्त लिहिलं होतं, त्यामुळे मला अजून खात्री पटली. दहा बोटं झाल्यावर मी बाबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि आता उतार पडेल म्हणून वाट बघत बसले. त्यांचा शर्ट औषधानं पाठीला चिकटला होता. तो मी काढला नाही. माझं लक्ष बोटांकडे होतं. शर्टाचा वास माझ्या नाकापर्यंत येत होता आणि तरीही मी तो काढला नाही.

त्यांच्या दंडाची कातडी आतून थरथरायला लागली, जणू खाली काही वळवळत होतं. श्वासात घरघर आली. आई दोनदा दारापर्यंत जाऊन आली आणि दोन्ही वेळा मी तिला थांबवलं. असा तासभर गेला. थोडा कमी असेल. मी मनात तो तासभरच धरते.

मग शेजारचे चाचा आले. त्यांचा छोटा टेम्पो आहे. गावोगावचं भंगार गोळा करून ते जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडे नेतात. आईचा आवाज ऐकून ते आत आले आणि बाबांच्या तोंडावर वाकले. अंगठ्यानं त्यांनी बाबांची पापणी वर केली.

"भाभी, आँख देखो इसकी." मग माझ्याकडे वळून, "बेटा, डोळ्याची बाहुली बघ. मोहरीएवढी झालीये. माझा भाऊ फवारताना पडला तवा अशीच झाल्ती. जल्दी कर, धर पाय."

"चाचा, घाम येऊन राह्यला नं, म्हणजे..." मी म्हणाले.

"घाम गेला खड्ड्यात! पाय धर म्हणतो नं!"

आम्ही बाबांना टेम्पोत भंगाराच्या पोत्यांवर निजवलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांची बोटं निळी पडली होती, प्रत्येक टोकाला माझा एकेक लाल ठिपका. नर्सनं पहिल्यांदा विचारलं, "कपडे का काढले न्हाईत?" तिनं कात्रीनं शर्ट कापला आणि दवाखान्यातल्या मावशींना साबण-पाणी आणायला लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाटली आणली?" आम्ही बाटली आणली नव्हती. चाचा तसेच टेम्पो वळवून शेतात गेले आणि बांधावरून दोन्ही बाटल्या घेऊन आले. तोवर इंजेक्शन सुरू झालं होतं. डॉक्टर दर थोड्या वेळानं बाहुली बघत होते, छातीला नळी लावून ऐकत होते आणि पुन्हा इंजेक्शन देत होते. मग लाळ थांबली. घाम थांबला. कातडी कोरडी पडली.

ज्या घामाला मी दार म्हणत होते, तो थांबवण्यासाठीच ते औषध देत होते. भिंतीला टेकून उभी असताना ते मला कळलं. डॉक्टर आईला सांगत होते की फवारणीच्या या औषधानं शरीराचा ताबा सुटतो. लाळ, घाम, पोट, सगळं आपोआप वाहायला लागतं आणि छातीत पाणी साठून माणूस जातो. "कधीपासून होतं असं?" त्यांनी विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तीनपासून." उशीर का झाला ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बाबांना पुढं जालन्याला हलवलं आणि बऱ्याच दिवसांनी ते घरी आले.

सिस्टरना मात्र मी सांगितलं. सगळं सांगितलं, कंपासपेटीसकट. त्या पलंगावर चादर घालत होत्या, ती तशीच अर्धी सोडून खाली बसल्या. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडू नको. आधी काय काय दिसलं ते क्रमानं सांग. पहिलं काय, दुसरं काय." मी सांगितलं. त्यांनी ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी शर्टापाशी थांबले.

"मी तुला दारं शिकवली," त्या म्हणाल्या. "दार कोणी उघडलं ते बघायला शिकवलं न्हाई. तो कसूर माझा. घरवाल्यानं उघडलेलं दार आन् चोरानं फोडलेलं दार, दोन्ही लांबून उघडीच दिसतात. जवळ जाऊन घरवाला शुद्धीत आहे का ते बघावं लागतं."

मी वहीतलं घर त्यांना दाखवलं. खालचं वाक्य वाचून त्यांनी वही मिटली.

"ज्यांनी हे शास्त्र लिहिलं त्यांनी ही बाटली पाह्यली न्हवती. बाटलीतल्या विषाला सुई न्हाई. त्याला दवाखाना. तिकडून माणूस जिवंत परत आला आन् मंग जे मागं राह्यलं, मुंग्या, अशक्तपणा, झोप नसणं, तिथून आपलं काम. ते बी डॉक्टरला विचारून. समजलं?" मग म्हणाल्या, "सहा महिने तू सुईला हात लावायचा न्हाई. फक्त रोग्याला विचारायचं आन् लिहायचं. आन् घरी जाऊन खरं काय ते सांग. हे बिलकुल चुकवू नको."

सहा महिने मी सुईला हात लावला नाही. ते सोपं गेलं. घरी सांगणं जमलं नाही.

सांगायलाच गेले होते. बाबा बाजेवर बसले होते, भेटायला माणसं आली होती, त्यात थोरले काकाही होते. मी चहा घेऊन बाहेर आले तर बाबा दोन्ही पंजे उघडून त्यांना दाखवत होते. बोटांवर बारीक खपल्या अजून होत्या. "बघ. धाच्या धा बोटं. पोरीनं एकेक करून इख काढलं. डाक्टरकडं नेईस्तोवर तिनंच धरून ठिवलं मला." काका त्या बोटांकडे बघत होते. मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "शिकली बाबा पोरगी." आवाजात टोमणा नव्हता. काकांच्या त्या प्रश्नाला ट्रंक डोक्यावर घेताना बाबांनी जे उत्तर दिलं नव्हतं, ते आता काकांना मिळालं होतं. मी सगळ्यांना चहा दिला आणि आत गेले.

बाबांचा मान जाईल म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगायचे. ते अर्धं खरं आहे. काकांनी माझ्याकडे तसं पाहिलं, ते मलाही हवं होतं.

चाचांना मी एकदा विचारलं, "चाचा, डोळे तुम्ही बघितले. तुम्ही काही बोलत कामून न्हाई?"

ते भंगार तोलत होते. "तुझा बाप जिवंत हाय नं? बस्स. कोणी वाचवला ते मी कशाला मिरवत फिरू? तुझं नाव होऊन राह्यलं, होऊ दे."

बाबांच्या पायांतल्या मुंग्या वाढल्या, पायऱ्या चढताना पाऊल नीट उचलेना. डॉक्टरांना विचारून सिस्टरनी त्यांना आठवड्यातून एकदा बोलावलं. सुया सिस्टर स्वतः लावायच्या. मी पायाशी बसून लिहून घ्यायचे. आज मुंग्या कुठपर्यंत, झोप किती, चप्पल पायातून निसटते का. बाबांना वाटायचं, लेक मोठी डॉक्टरीण झाली, म्हणून दुसऱ्यांकडून सुया लावून घेते. सिस्टर माझ्याकडे बघायच्या. "सांगितलं?" मी मान खाली घालायचे. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी विचारणं सोडलं, आणि ते जास्त जड गेलं.

पुढच्या हंगामात बाबा फवारायला जात नव्हते. कपाशीला पुन्हा बोंडं धरली होती. मी घरी होते. दुपारी अंगणात मोटारसायकल थांबली. वरच्या आळीतले एक काका होते, चाळिशीचे, मागं त्यांना धरून बसलेली त्यांची बायको आणि पुढं गाडी चालवणारा त्यांचा भाऊ. काकांना धरून उतरवलं तेव्हा त्यांच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. शर्ट ओला होता. तोच वास.

काकूंनी काकांचा पंजा धरून माझ्यापुढं केला. "पोरी, टोच लौकर. फवारता फवारता पडले."

"काकू, दवाखान्यात न्या. आत्ता न्या."

"तिकडं नळ्या घालत्यात. तुझ्या बापाचं काढलंस तसं काढ नं. धाच तं बोटं हायेत."

बाबा दारात उभे होते. आई चुलीपुढून उठून आली होती. मला वाटलं होतं, अशा वेळी माझा आवाज फुटणार नाही. पण फुटला, आणि वाटलं होतं त्याहून मोठा फुटला.

"मी बाबांचं इख काढलं न्हाई. ती गोष्ट खरी न्हाई, काकू. त्यांना असाच घाम आल्ता आन् मला वाटलं इख बाहेर चाललंय. मी बोटं टोचत बसले. तासभर बसवून ठेवलं त्यांना. चाचांनी डोळे बघितले म्हणून ते वाचले. दवाखान्यानं वाचवलं. मी उशीर केला. सुईनं ह्यातलं काहीच निघत न्हाई."

काकूंनी पंजा सोडला नाही. त्या माझ्या मागं बघत होत्या. "भाऊजी, ही काय बोलून राह्यली? तुम्हीच तं सांगितलं समद्या गावाला."

मी मागं वळले नाही. वळायची हिंमत नव्हती. बाबांच्या चपलांचा आवाज आला, एक पाय जरा ओढत टाकायचा तो. ते माझ्याजवळून पुढं गेले, काकांपुढं वाकले आणि त्यांच्या शर्टाची बटणं काढायला लागले. त्यांची बोटं अजून नीट चालत नव्हती, दोन बटणं निघाली आणि तिसरं निघेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी शर्ट फाडला.

"साबण आण," ते आईला म्हणाले. मग काकांच्या भावाला, "बाटली कुठाय? जा, घेऊन ये. तशीच दवाखान्यात आण." आणि मला, माझ्याकडे न बघता, "चाचाला हाक मार."

आम्ही काकांना धुतलं, बाबांची स्वच्छ बंडी त्यांच्या अंगात घातली आणि टेम्पोत घातलं. बाबाही चढले. वाटेत काकू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी पयल्यांदा तिकडंच नेणार होते, पयल्यांदा तिकडंच." आमच्या अंगणात यायला त्यांनी वाट वाकडी केली होती, त्यात किती वेळ गेला ते मी विचारलं नाही. काका दवाखान्यात खूप दिवस होते. मग चालत घरी आले.

बाबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे, मुंग्या कुठपर्यंत आहेत ते विचारलं की बोट ठेवून दाखवायचे. मग एक दिवस जालन्याहून येताना, एसटीत खिडकीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "मला घाम आल्ता तवा तुला बरं वाटल्तं का?"

मी म्हणाले, "हो."

"हां." बस एका मोटारसायकलला वाट द्यायला थांबली आणि पुन्हा निघाली. "तू म्हणलीस, येऊ द्या घाम. मला बी लई बरं वाटल्तं. वाटलं, पोरीला समजतंय."

फाटा आला तसे ते माझ्या खांद्याला धरून उतरले.

या वर्षी फवारणी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. मी खताच्या दुकानातून भाजीचं बियाणं घेऊन जाणार होते. पायरीवर बाबा बसले होते, आणि आजूबाजूला तीन-चार फवारणीवाले, नवे पंप घेतलेले. बाबा दहा बोटांची गोष्ट सांगत होते. मी आत जायची थांबले.

"...तिनं बोटं टोचली. काळं रक्त निघालं. आमच्या समद्यांला वाटलं, निघालं इख. निघालं न्हवतं. आत चाललं होतं. घाम येऊन राह्यला म्हंजी बरं हाय, असं पोरीला वाटलं, मला बी वाटलं. तासभर गेला. आता माझं हे पाऊल बघा." त्यांनी पाय पुढं केला.

एक जण हसून म्हणाला, "मंग एवढं शिकवून पोरगी काय कामाची, काका?"

मी उभी आहे हे त्यांनी पाहिलं होतं. "शर्ट किती आणलेत?" त्यांनी त्याला विचारलं.

"एकच की."

"दुसरा आण. ओला झाला की काढून टाक. आन् गरगरलं तर थेट दवाखान्यात जाय, बाटली घेऊन. मंग आमच्या पोरीकडं ये, पायाच्या मुंग्यांला. ती पयले बाटलीच इचारती."

त्यांनी पंजे उघडून दाखवले नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवले होते, बोटं आत मिटलेली. मी दुकानात जाऊन बियाणं घेतलं. बाहेर आले तेव्हा तो हसणारा माणूस पंपाचं झाकण उघडून त्याची रबराची रिंग बोटानं चाचपत होता, आणि बाबा वाकून बघत होते.